पाने फुटण्याआधीची फुले : स्नोड्रॉप आणि त्याच्या सोबत्यांची लागवड

जानेवारीच्या अखेरीस ब्रिटनमधील ओक, बीच, हेझल हे सारे वृक्ष निष्पर्ण असतात. जमीन ओली आणि थंडगार असते, दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. अशा वेळी झाडांखालच्या कुजलेल्या पालापाचोळ्यातून वीतभर उंचीचे, खाली मान घातलेले पांढरे फूल वर येते. हे फूल म्हणजे स्नोड्रॉप. त्याच्या पाठोपाठ, किंवा कधी त्याच्याही आधी, पिवळा विंटर अ‍ॅकोनाइट उमलतो. मग फिकट जांभळा क्रोकस, मार्चमध्ये वुड अ‍ॅनिमोन आणि एप्रिल-मेमध्ये ब्लूबेलचे निळे ताटवे असा क्रम लागतो. पानगळीच्या जंगलात वसंताच्या आधी किंवा आरंभी फुलणाऱ्या या कंदवर्गीय वनस्पतींना युरोपातील बागांमध्ये मानाचे स्थान आहे.

ही फुले लावणे अवघड नाही. तरीही त्यांच्या लागवडीत अपयश येण्याचे प्रमाण मोठे आहे आणि त्याचे कारण बहुधा घाई हेच असते. कंद चुकीच्या हंगामात विकत घेतले जातात, पाने वेळेआधी कापली जातात आणि दुसऱ्याच वर्षी भरगच्च ताटव्याची अपेक्षा धरली जाते. याच घाईपोटी गेल्या शतकात तुर्कस्तानातील डोंगरांवरून कोट्यवधी कंद उपसले गेले. त्यामुळे हे कंद कसे लावावेत या प्रश्नाइतकाच ते कोठून आणावेत हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

प्रकाशाची मुदत

पानगळीच्या जंगलात जमिनीवर भरपूर ऊन पोहोचण्याचा काळ थोडा असतो. मे महिन्यात वृक्षांची पालवी पूर्ण उघडली की खाली दाट सावली पसरते. त्याआधीच्या काही आठवड्यांत उगवणे, फुलणे, फळणे आणि पुढील वर्षासाठी अन्न साठवणे ही सर्व कामे या वनस्पती उरकून घेतात. उरलेले सहा-सात महिने त्या जमिनीखाली सुप्तावस्थेत असतात. पुढच्या हिवाळ्यातील फूल आधीच्या वसंतात पानांनी तयार केलेल्या अन्नावर उमलते. लागवडीचे जवळजवळ सर्व नियम या एकाच गोष्टीतून निघतात.

थंडीशी जुळवून घेण्यासाठी स्नोड्रॉपकडे काही सोयी आहेत. त्याच्या पानांची टोके टणक असल्याने ती गोठलेली जमीनही भेदू शकतात. कडाक्याच्या थंडीत हे रोप जमिनीवर आडवे पडते आणि तापमान वाढताच पुन्हा उभे राहते. फुलाला बाहेरच्या तीन मोठ्या व आतल्या तीन लहान पाकळ्या असतात आणि आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण असते. तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर गेले की बाहेरच्या पाकळ्या पसरतात. अशा उबदार दिवशी बाहेर पडणाऱ्या मधमाश्या आणि भुंग्यांच्या राण्यांना वर्षातील पहिला परागकण येथे मिळतो.

परदेशी पाहुणा

स्नोड्रॉप हे इंग्लंडच्या हिवाळ्याचे प्रतीक मानले जात असले तरी ते मूळचे तेथील नाही, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. युरोप खंडातील जंगले हे त्याचे मूळ स्थान. जॉन जेरार्ड यांच्या १५९७मधील वनस्पतिकोशात त्याचे वर्णन आढळते. इंग्लंडमध्ये ते रानात उगवत असल्याच्या नोंदी मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच मिळतात. लिनियस यांनी १७५३मध्ये त्याला ‘गॅलँथस निवॅलिस’ हे नाव दिले. दुधासारखे फूल आणि हिमाचे, असे या नावाचे दोन अर्थ.

गॅलँथस या वंशात वीसहून अधिक प्रजाती आहेत. त्यांपैकी ‘गॅलँथस प्लिकॅटस’चे कंद क्रिमियन युद्धातून परतलेल्या सैनिकांनी १८५०च्या दशकात ब्रिटनमध्ये आणले. मोठ्या फुलांची ‘गॅलँथस एल्वेसाय’ ही प्रजाती हेन्री जॉन एल्विस यांना १८७४मध्ये स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर, परिसरातील डोंगरांत आढळली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ग्लॉस्टरशायरमधील त्यांचे कोल्सबोर्न पार्क आजही स्नोड्रॉपसाठी प्रसिद्ध आहे. केंब्रिजशायरमधील अँगलसी अ‍ॅबी, बर्कशायरमधील वेलफर्ड पार्क आणि स्कॉटलंडमधील कॅम्बो या ठिकाणीही ही फुले पाहण्यासाठी फेब्रुवारीत लोकांची रीघ लागते.

या फुलाच्या संग्राहकांचा एक वेगळाच पंथ आहे. त्यांना ‘गॅलँथोफाइल’ म्हटले जाते. पाकळीवरील खुणेचा रंग किंवा आकार थोडा बदलला की नवा वाण ठरतो आणि त्याची किंमत चढत जाते. २०१५मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ या वाणाचा एकच कंद १,३९० पौंडांना, तर २०२२मध्ये ‘गोल्डन टिअर्स’चा कंद १,८५० पौंडांना लिलावात विकला गेला. या किमतींमागेही वेळ हेच कारण आहे. एका कंदाचे दोन होण्यास वर्ष लागते आणि नवा वाण बाजारात पुरेसा उपलब्ध होण्यास दशक उलटते.

जागा आणि माती

पानझडी वृक्षाच्या किंवा मोठ्या झुडपाच्या खालची जागा या कंदांना सर्वांत मानवते. हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली ही त्यांची गरज तेथे आपोआप भागते. वृक्ष नसल्यास सफरचंदाचे एखादे झाड, हेझलचे झुडूप किंवा घराच्या उत्तरेकडील वाफाही चालतो. बारमाही हिरव्या सूचिपर्णी वृक्षाखाली मात्र वर्षभर अंधार आणि कोरडेपणा असल्याने तेथे लागवड करू नये.

माती ओलावा धरणारी, पण पाणी न साचणारी असावी. जंगलातील मातीचा वरचा थर कुजलेल्या पानांचा असतो, म्हणून बागेतही पानांचे खत हेच सर्वोत्तम ठरते. शरद ऋतूत गोळा केलेला पालापाचोळा एक-दोन वर्षे कुजवून मातीत मिसळावा आणि पुढे दरवर्षी त्याचा पातळ थर वरून पसरावा. ताजे शेणखत किंवा नत्रयुक्त रासायनिक खत टाळावे. चिकणमातीत पानखताबरोबर थोडी जाडी वाळूही मिसळता येते. ‘एल्वेसाय’ प्रजाती उन्हाळ्यातील कोरडेपणा आणि थोडे जास्त ऊन सहन करते. ‘निवॅलिस’ला आणि अ‍ॅनिमोनला मात्र ओलावा लागतो.

सुका कंद की पानांसह रोप?

शरद ऋतूत दुकानांतून जाळीच्या पिशव्यांमध्ये मिळणारे सुके कंद स्वस्त असतात, परंतु येथेच पहिली चूक होते. ट्यूलिप किंवा कांद्याप्रमाणे स्नोड्रॉपच्या कंदाला जाड संरक्षक साल नसते. काही महिने उबदार दुकानात पडून राहिलेला कंद आतून वाळतो आणि लावल्यावर पुष्कळदा उगवतच नाही. विंटर अ‍ॅकोनाइटच्या वेड्यावाकड्या गाठी तर पूर्ण वाळल्या की बहुधा मरतात. त्या सुक्या मिळाल्याच, तर लावण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. वुड अ‍ॅनिमोनच्या काडीसारख्या आडव्या खोडांचेही तसेच.

म्हणूनच फुले ओसरल्यावर, पाने हिरवी असतानाच उपटलेली रोपे घेण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रूढ आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत अशी रोपे रोपवाटिकांतून मिळतात. ती हाती येताच त्याच दिवशी लावावीत. देठाचा पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो तेथपर्यंत रोप मातीत जावे, म्हणजे मूळची खोली राखली जाते. लावल्यावर भरपूर पाणी द्यावे. उपटताना मुळे तुटतात, त्यामुळे पहिल्या वर्षी फुले कमी येतात. त्याने निराश होण्याचे कारण नाही. कुंडीत वाढवलेली रोपे महाग असली तरी त्यांच्या मुळांना धक्का बसत नाही. जून-जुलैमध्ये पाने सुकल्यानंतर काढलेले आणि ओलसर भुश्शात ठेवून लगेच पाठवलेले कंदही चांगले लागतात.

कंद साधारण ८ ते १० सेंटिमीटर खोल आणि परस्परांपासून ५ ते ८ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. सरळ ओळी टाळून तीन-पाच कंदांचे पुंजके करावेत. ताटवा पुढे स्वतःच पसरत गेल्यावर नैसर्गिक दिसतो.

पाने पिवळी होईपर्यंत

फुले कोमेजल्यावर पाने लोळू लागतात आणि बाग अव्यवस्थित दिसते. अनेक जण ती कापतात, गाठ मारून बांधतात किंवा हिरवळीवर यंत्र फिरवतात. पुढच्या वर्षी फुले का आली नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच सापडते. पाने पिवळी पडून आपोआप सुकेपर्यंत, म्हणजे साधारण मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, त्यांना हात लावू नये. हिरवळीत कंद लावले असतील तर तेवढा भाग तोवर कापू नये. पिवळी पाने झाकायचीच असतील तर नेचे किंवा होस्टा यांसारखी उशिरा पसरणारी झाडे शेजारी लावता येतात.

तीन-चार वर्षांनी पुंजका दाट झाला की फुले कमी होतात. अशा वेळी फुले संपताच तो खोदून काढावा, हातांनी हलके सोडवावा आणि दोन-तीन कंदांचे लहान गट करून नव्या जागी लावावा. संख्या वाढवण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दुर्मीळ वाणांसाठी रोपवाटिका कंदाचे उभे काप करतात. प्रत्येक कापाला तळाचा थोडा भाग राहील अशी काळजी घेऊन ते ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, अंधारात ठेवले जातात. काही आठवड्यांत त्यांवर बारीक कंदुले धरतात, परंतु त्यांना फुले यायला तीन-चार वर्षे लागतात.

बियांपासूनही ताटवा वाढतो. स्नोड्रॉपच्या बीला एक मऊ, तैलयुक्त उपांग असते. त्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, उपांग खातात आणि बी तेथेच टाकून देतात. मूळ पुंजक्यापासून दूर अचानक एखादे रोप दिसते ते यामुळे. दुहेरी पाकळ्यांचा ‘फ्लोरे प्लेनो’ हा वाण मात्र बी धरत नाही. तो केवळ कंदांनीच वाढतो. विंटर अ‍ॅकोनाइट बियांनी उत्तम पसरतो. त्याचे बी पिकताच, ताजे असतानाच पेरावे.

रोग आणि विषारीपणा

सौम्य आणि दमट हिवाळ्यात स्नोड्रॉपवर करडी बुरशी येते. कोंबांवर राखाडी लव दिसताच ते रोप कंदासह काढून नष्ट करावे आणि त्या जागी पुन्हा स्नोड्रॉप लावू नये. नार्सिसस माशीची अळी कंद आतून पोखरते. खार क्रोकसचे कंद उकरून खाते, स्नोड्रॉपच्या वाटेला मात्र सहसा जात नाही. याचे कारण त्यातील विषारी अल्कलॉइडे. विंटर अ‍ॅकोनाइट आणि ब्लूबेलही विषारी आहेत. कांदा समजून हे कंद कोणी खाऊ नयेत यासाठी ते स्वयंपाकघरापासून, मुलांपासून आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावेत.

यांतील एका अल्कलॉइडने औषधशास्त्रात मोलाची भर घातली. ‘गॅलँटामिन’ या द्रव्याचा शोध १९५०च्या दशकात सोव्हिएत संघ आणि बल्गेरियातील संशोधकांनी स्नोड्रॉपवर केलेल्या कामातून पुढे आला. अल्झायमरच्या रुग्णांसाठी या औषधाला अमेरिकेत २००१मध्ये मान्यता मिळाली. कंद घरी वापरून असा उपचार करता येत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

डोंगरांवरून उपसलेले कंद

बाजारातील स्वस्त कंदांचा इतिहास सुखद नाही. १९८०च्या दशकात तुर्कस्तानातून दरवर्षी विविध प्रकारचे रानकंद कोट्यवधींच्या संख्येने निर्यात होत. स्नोड्रॉप, सायक्लॅमेन, अ‍ॅनिमोन, विंटर अ‍ॅकोनाइट हे त्यांत प्रमुख होते. डोंगराळ खेड्यांतील लोक ते रानातून खणून काढत आणि व्यापारी त्यांना त्याचा अत्यल्प मोबदला देत. हे कंद नेदरलँड्समार्गे युरोपभर विकले जात. मधल्या हातबदलात कंद शेतातला की रानातला ही माहिती पुसली जाई आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नसे. बीपासून फुलापर्यंत चार-पाच वर्षे घेणाऱ्या वनस्पतीचे कंद दरवर्षी उपसले, तर डोंगर उजाड होणार हे उघड होते.

१९९०मध्ये गॅलँथस वंशातील सर्व प्रजातींचा समावेश ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. तेव्हापासून देशाबाहेर कंद पाठवण्यासाठी परवाना लागतो आणि या निर्यातीमुळे रानातील संख्येला धोका नाही, याची खात्री निर्यातदार देशाला करावी लागते. तुर्कस्तानने निर्यातीवर संख्येची मर्यादा घातली. १९९०च्या दशकात टॉरस पर्वतातील काही खेड्यांमध्ये निसर्गसंरक्षण संस्थांच्या मदतीने शेतात कंद वाढवण्याचे प्रयोग सुरू झाले. जॉर्जियातून ‘गॅलँथस वोरोनोवाय’चे कंदही ठरावीक मर्यादेत निर्यात होतात. व्यापार पूर्ण थांबवल्यास खेड्यांचे उत्पन्न बुडते आणि मोकळा सोडल्यास रान संपते. त्यामुळे मोजून काढणे आणि शेतात वाढवणे हा मधला मार्ग स्वीकारला गेला आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर २०२१पासून दोन्हींमधील स्नोड्रॉपच्या देवाणघेवाणीलाही हे परवाने लागू झाले आहेत.

ग्राहकाच्या हाती दोन गोष्टी आहेत. कंद लागवडीतून आलेले आहेत का, हे विक्रेत्याला विचारावे आणि शक्यतो स्वतः रोपे वाढवणाऱ्या रोपवाटिकेकडूनच ती पानांसह घ्यावीत. रोपाच्या दृष्टीने जे हिताचे, तेच रानाच्याही हिताचे आहे. ओळखीच्या बागेत दाट झालेल्या पुंजक्यातील चार कंद मागून आणणे हा तर सर्वांत जुना आणि निर्धोक मार्ग.

ब्लूबेलबाबत सावधगिरी

ब्लूबेल हे मात्र ब्रिटनचे स्वतःचे फूल असून जुन्या जंगलाची ती खूण मानली जाते. १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानवनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे. १९९८पासून रानातील ब्लूबेलचे कंद विकण्यावर अधिक कडक निर्बंध आले.

बागेत लावला जाणारा स्पॅनिश ब्लूबेल ही वेगळी प्रजाती आहे. तिचा स्थानिक ब्लूबेलशी सहज संकर होतो आणि संकरित रोपे जोमाने पसरतात. ओळख सोपी आहे. स्थानिक फुलाचा दांडा एका बाजूला झुकलेला, घंटा अरुंद, पाकळ्यांची टोके मागे वळलेली आणि परागकोश मलईच्या रंगाचे असतात. स्पॅनिश फुलाचा दांडा ताठ, फुले चहूबाजूंनी आणि परागकोश बहुधा निळसर असतात. जंगलालगतच्या बागेत स्पॅनिश किंवा संकरित ब्लूबेल लावू नये आणि उपटलेले कंद रानाच्या कडेला टाकू नयेत.

बदलते वेळापत्रक

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील ४०६ वनस्पतिप्रजातींच्या फुलण्याच्या नोंदी तपासून २०२२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८६पर्यंतच्या काळाशी तुलना करता १९८७ ते २०१९ या काळात पहिले फूल सरासरी जवळजवळ एक महिना लवकर उमलू लागले, असे त्यांत दिसून आले. लवकर उमललेल्या फुलाला परागवाहक कीटक भेटतील की नाही, आणि वृक्षांची पालवीही लवकर आल्यास उन्हाचे आठवडे तेवढेच राहतील की घटतील, हे पुढील काळातील महत्त्वाचे प्रश्न आहेत.

सह्याद्रीतील नातेवाईक

स्नोड्रॉपला दीर्घ, थंड हिवाळा लागत असल्याने मुंबई-पुण्याच्या हवामानात तो रुजवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र घरामागच्या लहानशा बागेतही तो सहज लावता येईल. त्याच्याच कुळातील नागदवणा महाराष्ट्रातील बागांत परिचित आहे. पानांआधी फुलण्याची रीतही येथील वनस्पतींना नवी नाही. भुईचाफ्याचे सुगंधी फूल उन्हाळ्यात, पाने येण्यापूर्वीच जमिनीलगत उमलते. पहिल्या पावसाबरोबर वर येणारी आणि ठाण्या-मुंबईच्या बाजारात भाजी म्हणून विकली जाणारी शेवळेही पानाआधीचा फुलोराच असतात. युरोपातील जंगलात उन्हाची मुदत असते, सह्याद्रीत पावसाची. भुईचाफा घरच्या कुंडीतही चांगला येतो. मात्र तो रानातून न उपटता रोपवाटिकेतून आणावा, हा नियम येथेही तितकाच लागू आहे.

वर्षभराचे काम, थोडक्यात

(ब्रिटनमधील हवामानानुसार)

जानेवारी-फेब्रुवारी : फुलोरा. बुरशी लागलेली रोपे काढून टाकावीत. दाट झालेल्या पुंजक्यांवर खूण करावी.

मार्च : पानांसह रोपे लावावीत, पुंजके विभागावेत, पाणी द्यावे.

एप्रिल-मे : पानांना हात लावू नये. विंटर अ‍ॅकोनाइटचे बी पिकताच पेरावे.

जून-ऑगस्ट : कंद सुप्त असतात. जागेवर खूण ठेवावी, म्हणजे खणताना ते दुखावणार नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबर : सुके कंद लावायचेच असतील तर हंगामाच्या आरंभीच, टणक कंद निवडून लावावेत.

नोव्हेंबर-डिसेंबर : पानखताचा पातळ थर पसरावा. गळलेल्या पानांचे जाड ढीग कोंबांवरून बाजूला करावेत.

पहिल्या हिवाळ्यात मोजकीच फुले येतील. पानांना त्यांचा पूर्ण काळ मिळत राहिला, तर पाच-सहा वर्षांनी त्याच जागी विभागून वाटण्याइतके कंद जमलेले असतील.